खेळातली ती मुलगी आणि बॅगेतली बाहुली

या आठवड्याचं पत्र:

‘ताई, माझं वय ४६. विम्याच्या दाव्यांची छाननी करतो. गेली तीन वर्षं एक ऑनलाइन फँटसी खेळ खेळतोय, आठवड्यातून चार रात्री, दीड-दोन तास. माझं पात्र हीलरचं आहे, म्हणजे साथीदारांना मंत्रांनी बरं करणारं. गेल्या महिन्यात एक क्वेस्ट, म्हणजे खेळातली कामगिरी, आली. एका गावात रोग पसरतोय आणि त्याचं मूळ एका शापित मुलीत आहे. तिला जादूगारांच्या हवाली करायचं, म्हणजे ती मरणार हे उघडच आहे, किंवा तिला जंगलात पळून जाऊ द्यायचं आणि गाव नशिबावर सोडायचं. मी तिला हवाली केलं. ती काही बोलली नाही. हातातली लाकडी बाहुली तेवढी माझ्याकडे दिली. ती बाहुली अजून माझ्या खेळातल्या बॅगेत आहे. विकता येत नाही, टाकवत नाही. दोन रात्री नीट झोपलो नाही. पत्नीला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, “अहो, चित्रातली मुलगी ती.” ऑफिसात खऱ्या माणसांचे दावे नामंजूर करतो तेव्हा मात्र मला शांत झोप लागते. मला झालंय तरी काय? या खोट्या जगाची एवढी ओढ का वाटते? हल्ली गिल्डमध्येही, म्हणजे खेळातल्या आमच्या गटातही, मन रमत नाही. एक नवखा मुलगा सारखा चुकायचा, त्याला आम्ही काढून टाकलं. पण तो वेगळा विषय आहे.’

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात मन त्या मुलीपाशी अडकलं, दुसऱ्या वाचनात तुमच्या शेवटच्या दोन ओळींपाशी. त्या ओळींकडे मी येणारच आहे. आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. तुम्हाला काहीही झालेलं नाही. केलेल्या निवडीचं ओझं वाटतंय म्हणजे मन ठिकाणावर आहे, मग ती निवड पडद्यावरची का असेना.

तुम्ही स्वतःच एक तुलना केली आहे आणि तिला घाबरला आहात. दावा नामंजूर केल्यावर झोप लागते आणि खेळातल्या मुलीने झोप उडवली, म्हणजे आपण कोडगे झालो की काय, असं तुम्हाला वाटतंय. मला तसं वाटत नाही. दावा तुमच्यापुढे येतो तो कागद होऊन. त्याला क्रमांक असतो. नियम कुणीतरी आधीच लिहून ठेवलेले, तुमच्या वर सही करणारा, त्याच्याही वर आणखी कुणी. दावा करणारा माणूस दिसत नाही आणि ‘नाही’ कळल्यावर त्याच्या घरात काय झालं तेही दिसत नाही. निर्णयाची इतकी वाटणी झालेली असते की पुरता निर्णय कुणाच्याच पदरात पडत नाही. ती मुलगी मात्र तुमच्यासमोर उभी होती. पडद्यावर दोन वाक्यं आली, तुम्ही त्यातलं एक निवडलंत, आणि पुढे जे झालं ते सगळं तुमच्या एकट्याच्या नावावर जमा झालं. वर सही करणारं कुणी नव्हतं.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की लोक या खेळांत ड्रॅगन, तलवारी आणि जादूसाठी शिरतात. शिरतात, खरं आहे. पण ती ओढ पहिल्या दोन महिन्यांची. तीन वर्षं जी टिकते ती ओढ निराळी असते. तिथे तुमच्या वागण्याचा निकाल लागतो. रोजच्या जगण्यात आपण बरं वागलो की वाईट, हे कळायला मार्गच नसतो. पुष्कळदा आपण ‘नरो वा कुंजरो वा’ करून वेळ मारून नेतो आणि कुणी जाब विचारत नाही. फार वर्षांनी एखाद्या रात्री काहीतरी आठवतं, तोवर समोरचा माणूस आयुष्यातून निघून गेलेला असतो. खेळात तुम्ही गाव वाचवलंत तर दुसऱ्या दिवशी गावातला लोहार नावाने हाक मारतो. धर्मसंकट तिथेही असतं, पण ते पूर्ण दिसतं, चारी बाजूंनी. म्हणून तिथे शिरावंसं वाटतं. याला मी पळ काढणं म्हणणार नाही.

खेळ बनवणाऱ्यांना ही गोष्ट फार लवकर उमगली. कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळायचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला, तेव्हापासूनच आपलं पात्र कोणत्या बाजूचं, हे आधी ठरवावं लागायचं. पण मला सगळ्यात जवळचं उदाहरण वाटतं ते रिचर्ड गॅरियट यांच्या १९८५ सालच्या ‘अल्टिमा ४’ या खेळाचं. त्यांच्या आधीच्या खेळांत चोऱ्यामाऱ्या करूनही शेवटी तुम्ही नायकच ठरू शकत होता. या खेळात त्यांनी शेवटचा खलनायकच काढून टाकला. खेळ जिंकायचा म्हणजे आठ गुण अंगी बाणवायचे: प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता. ते पूर्ण झाले की तुम्ही ‘अवतार’ होता. शब्द आपलाच आहे. आज कुठल्याही खेळातल्या पात्राला जगभर ‘अवतार’ म्हणतात, पण गॅरियट यांनी तो वापरला तेव्हा त्यात वागणुकीचा अर्थ होता, चेहऱ्या-कपड्यांचा नव्हता.

त्या खेळातला एक प्रसंग मी अनेकांना सांगते. मंत्रांसाठी मुळ्या, राख असलं सामान विकणारी एक दुकानदारीण आहे. ती आंधळी आहे. ती किंमत सांगते आणि किती नाणी देताय ते तुम्ही टाइप करायचं. कमी आकडा टाकला तरी ती सामान देते, कारण तिला दिसत नाही. खेळही काही बोलत नाही. घंटा वाजत नाही, लाल अक्षरं येत नाहीत. आत कुठेतरी तुमचा प्रामाणिकपणा तेवढा कमी होतो. ते कळतं फार पुढे, राजवाड्यातल्या द्रष्ट्याला तुम्ही आपल्या वाटचालीबद्दल विचारता तेव्हा. चाळीस वर्षांपूर्वीच्या, ठोकळ्यांसारख्या चित्रांच्या खेळात ही एवढी बारीक गोष्ट बसवली होती. चारदोन नाणी वाचवली म्हणून खंतावलेले खेळाडू तेव्हाही होते. तुम्ही एकटे नाही.

आता तुमच्या खेळाकडे येते, कारण ऑनलाइन असण्याने यात मोठा फरक पडतो. एकट्याने खेळायच्या खेळात निवड मनासारखी झाली नाही की माणूस मागचं सेव्ह, म्हणजे आधी साठवलेला खेळ, उघडतो. मुलगी पुन्हा दारात उभी असते, काही घडलेलंच नसतं. तुमची निवड मात्र सर्व्हरवर नोंदली गेली. तुमच्या पात्रापुरता तो प्रसंग संपला. ती बाहुली विकता येत नाही, याचा अर्थ लेखकांनी ते मुद्दाम ठरवलं आहे. किंमत शून्य आणि तरीही बॅगेतली एक जागा अडवणारी वस्तू. दर वेळी लूट उचलताना बॅग उघडते आणि ती दिसते. ज्याने कुणी हे लिहिलं त्याला माझा मनापासून नमस्कार.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. ती क्वेस्ट झाल्यावर तुम्हाला ते गाव बरं झालेलं दिसत असेल, पण तिथेच तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या, मुलीला सोडून दिलेल्या खेळाडूला तेच गाव ओसाड दिसत असेल. याला फेजिंग म्हणतात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळाने २००८ च्या ‘रॉथ ऑफ द लिच किंग’ या विस्तारात ते मोठ्या प्रमाणावर वापरलं आणि मग ते इतर खेळांतही दिसू लागलं. जग सगळ्यांचं एक, परिणाम ज्याचा त्याला. मला वाटतं, तुम्ही पत्नीला सांगायला गेलात ते यामुळेच. हजारो लोकांनी भरलेल्या जगात तुमच्या हातून जे घडलं ते बघणारे तुम्ही एकटेच होता.

त्याच विस्तारातली दुसरी एक क्वेस्ट मला इथे सांगायलाच हवी, कारण तुमच्या क्वेस्टचं मोल तिच्याशी ताडून बघितल्यावर कळतं. एका कैद्याकडून माहिती काढायची असते. ज्यांच्यासाठी हे करायचं ते जादूगार म्हणतात, आमच्या आचारसंहितेत असले उपाय बसत नाहीत, तुम्ही बाहेरचे आहात, तुम्हाला ते बंधन नाही. आणि हातात एक टोचणारं यंत्र देतात. कैदी बोलेपर्यंत ते वापरत राहायचं. कैद्याशी बोलून बघायची, त्याला फसवून माहिती काढून घ्यायची, जादूगारांना सुनवायची सोय नाही. करा, नाहीतर ती कथा तिथेच सोडा. रिचर्ड बार्टल यांनी तेव्हा यावर जाहीर आक्षेप घेतला होता, आणि तो आक्षेप साध्या माणसाचा नव्हता. अनेकांनी एकाच वेळी शिरायच्या पहिल्या कल्पित जगांपैकी एक, निव्वळ शब्दांतलं, १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी सुरू केलं आणि बार्टल यांनी पुढे नेलं. अशा माणसाला ती क्वेस्ट खटकली. मलाही खटकते. यातना दाखवल्या म्हणून मी तक्रार करत नाही. यातना द्यायला लावून त्याबद्दल खेळाडूला एक शब्दही बोलू दिला नाही, ही माझी तक्रार आहे. तुमच्या क्वेस्टने तुम्हाला दोन वाटा दिल्या आणि दोन्हींची किंमत लावली. म्हणून तुमची चुटपूट खरी आहे. ज्यात निवडच नव्हती त्याचा फार तर राग येतो.

तुम्ही बरोबर केलंत की चूक, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण प्रश्न पत्रभर आहे. मी तिला सोडून दिलं असतं. मी हे खात्रीने सांगते आणि तरीही तुमची निवड मला समजते. तुम्ही हीलर आहात. पाच जणांच्या डंजनमध्ये, म्हणजे शत्रूंनी भरलेल्या भुयारात, हीलरचे डोळे बॉसवर, तिथल्या मोठ्या शत्रूवर, नसतात, ते साथीदारांचा उरलेला जीव दाखवणाऱ्या पाच हिरव्या पट्ट्यांवर असतात. कुणाची पट्टी किती उतरली, पुढचा मंत्र कुणाला, आणि मंत्राची शक्ती संपत आली असेल तर कुणाला सोडायचं. हा हिशेब रात्रीत शंभरदा होतो. एकाला जाऊ दिलं तर चौघं वाचतात, हे हीलरच्या बोटांत मुरलेलं असतं. तुम्ही गावाकडे तसंच बघितलंत. मुलीची पट्टी सोडलीत. मीही वर्षानुवर्षं हीलर खेळले आहे, म्हणून सांगते. हे गणित बॉसच्या खोलीत बरोबर असतं आणि गावात शिरलं की पुरत नाही.

आता तुमचा ‘वेगळा विषय’. तो वेगळा नाही.

मुलीवर तुम्ही अख्खं पत्र लिहिलंत आणि त्या मुलावर दोन वाक्यं. ‘त्याला आम्ही काढून टाकलं.’ या ‘आम्ही’मध्ये कोण कोण होतं? मत कुणी मांडलं, हो कोण म्हणालं, गप्प कोण राहिलं? तुमच्या नोकरीबद्दल वर जे लिहिलं तेच मला इथे दिसतं. निर्णयाची वाटणी झाली, आणि तुमच्या वाट्याला इतका लहान तुकडा आला की तो टोचला नाही. टोचला नाही असं तुम्हाला वाटतं. पण गिल्डमध्ये मन रमेनासं झालं आहे, हे तुम्हीच त्याच्या आधीच्या वाक्यात लिहिलं आहे.

मुलीची निवड कुणीतरी लिहिली होती. संवाद लिहिले, संगीत दिलं, बाहुली घडवली. त्या मुलासाठी कुणी काही लिहिलं नव्हतं. त्याला काढलं तेव्हा संगीत वाजलं नाही, बॅगेत काही आलं नाही, यादीतलं एक नाव तेवढं गेलं. ऑनलाइन खेळातल्या खऱ्या निवडी या अशा न लिहिलेल्या असतात.

सप्टेंबर २००५ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. झुल’गुरुब नावाच्या जागेतला एक बॉस खेळाडूंवर ‘करप्टेड ब्लड’ हा संसर्गजन्य शाप टाकायचा. तो तिथल्या लढाईपुरताच राहायचा होता. पण खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर तो शहरांत आला आणि वणव्यासारखा पसरला. बलवान पात्रं तग धरायची, खालच्या लेव्हलची पात्रं काही सेकंदांत कोसळायची. बनवणाऱ्या कंपनीने हे ठरवलं नव्हतं, कुठलीही क्वेस्ट नव्हती, बक्षीस नव्हतं. तरी काही हीलर शहरांत थांबून अनोळखी लोकांना मंत्र देत राहिले. काही जण गर्दीपासून लांब रानात निघून गेले. आणि काहींनी संसर्ग मुद्दाम गर्दीत नेला. पुढे साथरोगांच्या अभ्यासकांनी त्या घटनेचा अभ्यास केला, कारण साथीत माणसं कशी वागतात याचं ते जिवंत चित्र होतं. मला मात्र ते हीलरच आठवत राहतात. त्यांच्यापुढे दोन वाक्यं आली नव्हती. वाक्य त्यांचं त्यांनीच लिहिलं.

माझ्याही बाबतीत एकदा असं झालं होतं. पहिल्याच वर्षी एका डंजनमध्ये माझ्यामुळे गट तीनदा मेला. चौघांपैकी दोघं न बोलता निघून गेले. टँक, म्हणजे सगळ्यांपुढे उभा राहून मार झेलणारा, थांबला. बॉसच्या दाराबाहेर बसून त्याने मला एकेक ओळ टाइप करून सांगितलं: बॉस हात वर करतो तेव्हा माझ्याकडे बघू नकोस, स्वतःकडे बघ, आधी स्वतः जग. त्याला त्यातून काही मिळणार नव्हतं, त्याची ती रात्र वाया गेली होती. त्याचं खरं नाव, वय, देश, काहीच मला माहीत नाही. मी आज हे सदर लिहिते त्यात त्या दाराबाहेरच्या वीस मिनिटांचा वाटा आहे. तुम्ही ज्याला काढलंत त्याच्यासाठी असं थांबलेलं कुणी होतं का, एवढंच मला विचारायचं आहे.

तुमच्या पत्नीबद्दल थोडं. त्या हसल्या ते मनाला लावून घेऊ नका. तुम्ही त्यांना गोष्टीचा शेवट तेवढा सांगितला असणार, आणि शेवट एकटा सांगितला की कुठलीही गोष्ट हास्यास्पदच वाटते. सुरुवातीपासून सांगा. गाव कसं होतं, रोग कसा आला, मुलगी कुठे भेटली. दोन वाक्यांपर्यंत आलात की थांबा आणि त्यांना विचारा, तू काय केलं असतंस? उत्तर दिल्याशिवाय त्यांच्याने राहवणार नाही, आणि त्यांचं उत्तर तुम्हाला कदाचित नवीन असेल.

वेळेचं म्हणाल तर त्याची मला फारशी काळजी वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात खेळाच्या विकाराची नोंद आहे. पण त्यासाठी खेळण्यावर ताबा न राहणं, इतर सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणं आणि नुकसान दिसत असूनही न थांबणं, असं साधारण बारा महिने चालावं लागतं. आठवड्यातल्या चार रात्री, दोन तास, नोकरी जागेवर, घरात बोलणं चालू, यात ते बसत नाही. झोप सलग उडू लागली, किंवा त्या चार रात्रींच्या सात झाल्या, तर मात्र डॉक्टरांशी बोला.

आता काय करायचं ते. दुसरं पात्र तयार करून मुलीला सोडून देण्याचा मोह होईल. सहा महिने तरी करू नका. ते धुऊन काढणं झालं, आणि तुम्हाला ते पुरणारही नाही. बाहुली खेळातल्या बँकेत ठेवू नका, बॅगेतच राहू द्या. एक जागा अडेल तर अडू दे.

उद्या ऑफिसात फार मोठं काही करू नका. नियम तुमच्या हातात नाहीत हे मला कळतं. पण नामंजुरीच्या पत्रात कारण लिहायची जागा असेल तर तिथे छापील वाक्याऐवजी समोरच्याला समजेल अशी एक ओळ लिहा, आणि फेरअर्ज करता येत असेल तर तो कसा करायचा ते सांगा. तेवढं तुमच्या हातात नक्की असेल.

आणि त्या मुलाला निरोप पाठवा. गिल्डच्या वतीने नको, ‘आम्ही’ नको. तुमच्या नावाने लिहा. लांबण लावू नका, माफीचा सोहळाही नको. मी असं लिहिलं असतं: ‘त्या रात्री तुला काढलं तेव्हा मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. अजून खेळत असशील आणि शिकायचं असेल, तर गुरुवारी रात्री मी असतो. आपण दोघंच जाऊ, सोप्या जागेपासून सुरू करू.’ त्याने खेळ सोडलाही असेल. उत्तर येणारही नाही कदाचित. आलं तर पहिल्या रात्री गिल्डमधल्या कुणालाही बरोबर नेऊ नका, आणि बॉसच्या दाराबाहेर थोडा जास्त वेळ ठेवा.

त्याचं उत्तर आलं तर मला कळवा. आणि तुमच्या पत्नीने मुलीचं काय केलं असतं, तेही.